लिलावाच्या आदल्या दिवशी नको, कॅटलॉग येईल त्या दिवशी जागे व्हा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय, पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयातले साहेब-मॅडम, आणि मंत्रालयात ज्यांच्या टेबलावर असल्या फायली येऊन बसतात ते सगळे,

स. न. वि. वि.

लिलावांचा सीझन परत येतोय. सप्टेंबरात न्यूयॉर्कला एशिया वीक, ऑक्टोबरच्या आसपास लंडनला भारतीय आणि इस्लामी कलेचे लिलाव, मग हाँगकाँग, आणि नोव्हेंबरात जिनिव्हाला दागिने. सदबीज, क्रिस्टीज, बोनहॅम्स ही मोठी नावं आपल्याला पेपरात तरी दिसतात, पण त्यांच्या खाली गावोगावची छोटी ऑक्शन हाऊसेस आहेत, त्यांच्या 'आशियाई पुरातन वस्तू, चित्रं आणि दागिने' अशा नावाच्या लिलावात एकाच दुपारी चिनी फुलदाणी, जपानी पंखा, तिबेटी बुद्ध आणि आपला जेजुरीचा खंडोबा असे पाचसहाशे लॉट (म्हणजे नंबर लावून विकायला काढलेल्या वस्तू) धडाधड निघतात. ह्या लॉटची फोटोंसकट यादी म्हणजे कॅटलॉग, आणि मला हे कॅटलॉग वाचायचा नाद आहे. राहायला नाशिकला, पेशाने काही पुरातत्त्ववाला नाही, संग्रह करण्याइतका पैसा तर अजिबातच नाही. पण रात्री जेवण झालं की लोक क्रिकेटच्या क्लिपा बघतात तसं मी लॉट बघत बसतो. त्यामुळे हे पत्र.

सगळ्यात आधी अभिनंदन, आणि ते मनापासून. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार तुम्ही आणलीत. २८ एप्रिल २०२५ ला बातमी आली की लंडनला सदबीजमध्ये निघतेय, २९ ला लिलाव, आणि त्या एका दिवसात तुम्ही भारतीय उच्चायुक्तालयाशी बोललात, सरकारला थेट बोली लावायला तांत्रिक अडचण होती म्हणून मध्यस्थ उभा केलात, ४७.१५ लाखात (वाहतूक, विमा सगळं धरून) तलवार घेतलीत आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली पण. सरकारी कामाचा वेग माहीत असलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण झालं. आणि वस्तूही तशीच आहे हो! सरळ एकधारी युरोपीय पातं, मुल्हेरी मूठ, पात्यावर सोन्याचं काम आणि मुठीजवळ सोन्यातच देवनागरीत मालकाचं नाव, सेनासाहेबसुभा ह्या किताबासकट. शाहू महाराजांनी दिलेला किताब तो. आपल्याकडची जुनी शस्त्रं बहुतेक वेळा साधी असतात, त्यावर नाव असं क्वचितच सापडतं, त्यामुळे नाव असलेली तलवार म्हणजे दुर्मिळच.

आता माझं म्हणणं. कॅटलॉग लिलावाच्या आदल्या दिवशी येत नाही. दोन-तीन आठवडे आधी, कधी महिनाभर आधी वेबसाईटवर येतो, फोटोंसकट, कुणालाही फुकट दिसतो. म्हणजे ती तलवार तेवढे दिवस सगळ्या जगासमोर पडून होती आणि आपल्या हातात राहिला एक दिवस. एका दिवसात तुम्ही फक्त एकच गोष्ट करू शकता, ती म्हणजे पैसे देणं. ती वस्तू बाहेर कशी गेली हे विचारायला वेळ नाही, हक्क सांगायला वेळ नाही, लिलावाबाहेर बसून मालकाशी बोलायला वेळ नाही, आणि खरी-खोटी तपासायला तर नाहीच नाही. ह्या वेळी वस्तू चांगली निघाली, दरवेळी निघेल असं नाही. शिवाय सरकार घेणार अशी कुणकुण बाजारात लागली की भाव कुठे जातो हे जुन्या बाजारात पितळी समई घासाघीस करून घेणारा कुणीही सांगेल.

त्यामुळे मागणी साधी आहे. चार माणसं बसवा. बाराही महिने कॅटलॉग वाचणारी. आणि प्रत्येक लॉटसमोर पहिल्याच आठवड्यात ठरवा की हे मागायचं, हे विकत घ्यायचं, का हे जाऊ द्यायचं. आज आपल्याकडे सगळ्याला एकच माप आहे, 'वारसा परत आणला', आणि त्यात चोरीचा माल, लुटीचा माल आणि राजांनी स्वतः विकलेला माल सगळं एकत्र ढवळलं जातं.

चोरीचं घ्या. १९४७ च्या कायद्यापासून पुरातन वस्तू परवान्याशिवाय बाहेर न्यायला बंदी आहे, मग १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आला, तो १९७६ पासून लागू झाला आणि १०० वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसाने बाहेर नेणं पूर्णच बंद झालं. म्हणजे त्यानंतर देवळातून उचललेली मूर्ती लंडनला दिसली तर एक रुपया द्यायचा नाही, सरळ मागायची. पण मागायला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे फोटो. तामिळनाडूच्या श्रीपुरंदनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ साली सुमारे ५० लाख डॉलर मोजून सुभाष कपूर नावाच्या न्यूयॉर्कच्या डीलरकडून घेतला होता, तो २०१४ मध्ये परत आला, तो कशामुळे तर पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे ती मूर्ती देवळात असतानाचे फोटो होते म्हणून. कुणीतरी कधीतरी खेडोपाडी फिरून कॅमेऱ्याचं बटण दाबून ठेवलेलं, ते कामाला आलं.

आणि हा कपूर फक्त चोळांच्या मूर्तीच विकत होता असं नाही, आपल्या भोसल्यांपर्यंत पण त्याचा हात पोचला होता. तंजावरचे सरफोजी राजे आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांचं एकोणिसाव्या शतकातलं चित्र अमेरिकेतल्या पीबॉडी एसेक्स म्युझियमने २००६ मध्ये त्याच्याकडून ३५ हजार डॉलरला घेतलं होतं, २०१५ मध्ये म्युझियमने ते अमेरिकन सरकारच्या ताब्यात दिलं. तेव्हा आपल्याकडे किती जणांना ही बातमी कळली? तंजावरचे मराठे आपल्याला भाषणात आठवतात, कॅटलॉगमध्ये आठवत नाहीत.

तर फोटो. महाराष्ट्रात संरक्षित यादीत नसलेली किती देवळं आहेत! विदर्भ-मराठवाड्यातली पडकी हेमाडपंती देवळं, बाहेर उन्हात ठेवलेल्या मूर्ती, शेंदूर फासलेले वीरगळ, कोकणातल्या ग्रामदेवतांचे चांदीचे मुखवटे. गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात कॅमेरा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने देवळातल्या प्रत्येक मूर्तीचे समोरून, मागून, खालच्या बैठकीचा आणि तुटलेल्या भागाचा जवळून असे चार फोटो काढून एका ठिकाणी जमा केले तरी बाजारात दरारा बसेल. तुटलेला भाग महत्त्वाचा बरं का, नाक सगळ्यांचंच तुटलेलं असतं पण प्रत्येकाचं वेगळं तुटलेलं असतं, ओळख तिथेच पटते.

सोन्याला मात्र फोटोचा उपयोग नाही. दिवेआगरचा सुवर्णगणेश आठवत असेल. १९९७ ला जमिनीत सापडला, २०१२ ला दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, फोटो तर घराघरात होते, पण चोरांनी मुखवटा वितळवला. दागिन्यांचं तेच आहे. लिलावात 'भारतीय दागिने' म्हणून जे दिसतं त्यात राजेरजवाड्यांचा हिरा-पाचूचा माल असतो किंवा जयपुरी मीनाकारी, आपल्या आज्ज्यांच्या ठुश्या, चिंचपेट्या, वज्रटीका तिथे दिसतच नाहीत कारण त्या तिथवर पोचतच नाहीत, मोड म्हणून सराफाच्या मुशीत जातात. हे नुकसान लंडनने केलेलं नाही, आपणच केलंय, दर लग्नसराईत करतो. तुमच्या म्युझियमवाल्यांनी एकदा नाशिक-पुणे-कोल्हापूरच्या सराफ बाजारात जाऊन नुसतं सांगून ठेवलं ना की मोडीला काही वेगळं आलं तर वितळवायच्या आधी फोन करा, वजनाच्या भावात आम्ही घेतो, तरी दोन वर्षांत एक दालन भरेल.

आता लुटीचं. इथे माझ्या गावचा विषय येतो म्हणून जरा जास्त लिहितो, सहन करा. त्र्यंबकेश्वरच्या देवळाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो नाशिकचा हिरा, इंग्रज त्याला नासक म्हणतात. १८१८ ला पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावाकडून हिरा कंपनीच्या हातात गेला, त्याच साली लंडनच्या बाजारात पोचला. युद्धातली लूट म्हणून उघड उघड गेला, त्यात लपवाछपवी काही नव्हती. ९० कॅरेटच्या आसपासचा दगड, पण आपल्याकडची जुनी पद्धत अशी की वजन राखायचं, चमक कमी असली तरी चालेल, ते इंग्रजांना पटेना म्हणून त्यांनी घासून ७८ वर आणला. मग १८३७ ला लंडनमध्येच लिलाव, एका मार्क्विसने (इंग्रज उमरावाने) घेतला. १९२० च्या दशकात अमेरिकेत नेला तेव्हा तिथे कस्टमचा खटला झाला की ही कलात्मक पुरातन वस्तू आहे का नुसता दगड आहे, कारण पुरातन वस्तूला ड्युटी माफ होती! कोर्टाने सांगितलं, पुरातन कलावस्तू नाही, ड्युटी भरा. पुढे १९४० ला हॅरी विन्स्टन ह्या अमेरिकन जवाहिऱ्याने परत कापून ४३.३८ कॅरेटचा केला. १९७० ला न्यूयॉर्कला लिलावात पाच लाख डॉलरला गेला, आणि आता खाजगी मालकीत आहे.

म्हणजे अर्ध्याच्या वर हिरा तर घासूनच गेला. उद्या हा परत लिलावात आला तर (आणि कधीतरी येणारच, असले हिरे दर पिढीला हातातून सुटतात) तुमची भूमिका काय? त्या दिवशी टीव्हीवर 'आमचा हिरा परत द्या' म्हणून ओरडायचं का? १८१८ च्या लुटीवर आज कुठल्या कोर्टात हक्क लागत नाही हे तुमचे वकील पण सांगतील. पण कायदा नसला तरी दबाव चालतो हे पिप्रह्वाच्या रत्नांनी दाखवलं. उत्तर प्रदेशात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींसोबत निघालेली ती रत्नं, इंग्रज जमीनदाराच्या वंशजांकडून हाँगकाँगला सदबीजमध्ये ७ मे २०२५ ला निघणार होती, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाने ५ तारखेला नोटीस दिली, जगभरचे बौद्ध लोक बोलले, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्नं मुंबईच्या गोदरेज समूहातर्फे घेतली जाऊन भारतात आली. इथेही पैसे मोजावेच लागले, ते मला खटकतं. पण हातोडा पडला नाही, बंद दाराआड कुणा संग्राहकाच्या तिजोरीत गेली नाहीत, आणि हेही दोन दिवस आधी झालं, महिनाभर आधी झालं असतं तर बोलायला किती जागा मिळाली असती विचार करा.

नाशिकच्या हिऱ्याची फाईल आजच तयार करून ठेवा. देवस्थानचे कागद, पेशवे दफ्तरात काय आहे ते, कंपनीच्या लुटीच्या नोंदी, सगळं एका जागी. तो निघेल त्या दिवशी पहिली नोटीस आपली गेली पाहिजे.

आणि आता जे जाऊ द्यायचं ते. २०२५ च्या मे महिन्यात जिनिव्हाला क्रिस्टीजमध्ये गोलकोंडा ब्लू निघणार होता, २३.२४ कॅरेटचा निळा हिरा, इंदूरच्या होळकरांचा. लिलावाआधी तो यादीतून काढला गेला. तेव्हा आपल्याकडे फेसबुकवर 'होळकरांचा हिरा परत आणा' सुरू झालं होतं, अहो पण तो कुणी लुटला नव्हता! होळकर महाराज पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे दागिने घडवायचे आणि विकायचे पण. बडोद्याचं तसंच, गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार, त्यातले दोन पदर, ६८ मोती, २००७ ला क्रिस्टीजमध्ये ७१ लाख डॉलरला गेले. तेवढ्या पैशात महाराष्ट्रातली सगळी जिल्हा म्युझियम्स चकाचक होतील. बघावं, फोटो जपून ठेवावा, सोडून द्यावं. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे.

चित्रांबद्दल थोडंसंच. नागपुरात जन्मलेल्या गायतोंड्यांचं चित्र सप्टेंबर २०२५ ला ६७ कोटींला गेलं, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं 'ग्रामयात्रा' त्याच वर्षी न्यूयॉर्कला जवळपास ११९ कोटींना. ती शर्यत सरकारने खेळू नये, तिथे आता अब्जाधीश आहेत. पण एक हिशेब लक्षात घ्या, चित्र १०० वर्षांचं झालं की कायद्याने ते पुरावशेष होतं आणि देशाबाहेर जाऊ शकत नाही. जे. जे. मधल्या धुरंधरांची पहिल्या अर्ध्या आयुष्यातली चित्रं ही रेषा ओलांडून गेलीत, राहिलेली दरवर्षी थोडी थोडी ओलांडतायत. म्हणजे ती इथेच विकली जाणार, बाहेरचा खरेदीदार कमी, भाव त्या मानाने आवाक्यात. मुंबईत तीन-चार ऑक्शन हाऊसेस आहेत, लंडनला जायचीही गरज नाही, लोकल पकडा. राज्याचं स्वतःचं दालन करायचं असेल तर हीच वेळ आहे.

आता मला सर्वात जास्त ज्याची काळजी वाटते ते. मोठ्या तलवारीची बातमी होते, छोट्या देवाची होत नाही. अशा मिक्स लिलावात मी कायम एक लॉट बघतो, पितळेचा किंवा काशाचा वीतभर उंचीचा घोडेस्वार, बाजूला त्याची बायको घोड्यावरच बसलेली, हातात खड्ग, घोड्याच्या पायाशी कुत्रा, आणि माहितीत नुसतं 'दख्खन, १८ वं-१९ वं शतक, लोकशैली'. किंमत काही शे पौंड. अहो तो खंडोबा आहे आणि ती म्हाळसा. फोटो मोठा करून बघा, घोड्याच्या मानेवरची आणि खंडोबाच्या छातीवरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते, डोळे-नाक पुसट, कारण पिढ्यान्पिढ्या कुणीतरी रोज सकाळी त्याला पाणी घातलंय, चिंचेने घासलंय, भंडारा लावलाय. खाचांमध्ये कधीकधी पिवळं अजून दिसतं. चांदीचे टाक तर आठ-दहाचा गठ्ठा करून विकतात, कुणाचं देवघर कुठल्या भावकीत फुटलं आणि कुणी भंगारात घातलं आणि चोर बाजारातून कुठे गेलं, काही नोंद नाही. एका तलवारीच्या पैशात असे शे-दीडशे देव येतील, आणि त्यांच्याइतकं आपल्या घराघरांबद्दल सांगणारं दुसरं काही म्युझियममध्ये नसेल. इथे घाई करावी लागत नाही, दर महिन्याला दोन-चार निघतातच, फक्त शोधणाऱ्याने 'मराठा' शब्द टाकून थांबू नये, दख्खन, मध्य भारत, पश्चिम भारत सगळं चाळावं.

थोडं कामकाजाचं बोलतो, कारण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही ह्या गोष्टी दिसतात. मध्यस्थ आधीच नेमून ठेवा, दरवेळी धावाधाव नको. रक्कम मंजूर करताना लक्षात घ्या की हातोडा पडतो त्याच्या वर ऑक्शन हाऊसचं कमिशन असतं, मोठ्या हाऊसेसमध्ये पाव किमतीच्या वरच, मग वाहतूक आणि विमा. कमाल बोली आधी बंद पाकिटात ठरवा आणि तिच्या वर एक पौंड जाऊ नका, पत्रकार परिषद लिलावानंतर घ्या. वस्तूची कंडिशन रिपोर्ट मागवा, ती कुणालाही मागता येते. मालकीच्या इतिहासात '१९७० पूर्वीपासून खाजगी संग्रहात' एवढंच लिहिलं असेल तर कागद मागा, १९७० हे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराचं साल आहे म्हणून सगळ्यांच्या आजोबांनी नेमकं त्याच्या आधीच खरेदी केलेली असते! आणि लिलावाआधी तीन-चार दिवस सगळा माल बघायला मांडलेला असतो, प्रवेश फुकट असतो, काच उघडून हातातसुद्धा देतात. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तिथे मोडी वाचणारं, शस्त्रं कळणारं कुणीतरी नक्की सापडेल. त्यांना एक मेल टाका, जाऊन बघून या म्हणून, आनंदाने जातील, खर्च शून्य.

वाघनखांच्या वेळी जे झालं ते मात्र परत नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांसाठी उसनी आली, जुलै २०२४ पासून साताऱ्याला होती, लोकांनी रांगा लावल्या, चांगलंच झालं. पण म्युझियमने स्वतःच सांगितलेलं की तीच ती वाघनखं असं खात्रीने म्हणता येत नाही, आणि उसनी आहेत हे तर करारातच होतं, तरी आपल्याकडे 'परत आणली' म्हणूनच ढोल वाजले. जे आहे ते पाटीवर सरळ लिहा. लोक तेवढे समजूतदार आहेत, उलट शंका लिहिलेली असली की जास्त वेळ थांबून बघतात.

रघुजींच्या तलवारीच्या पाटीवरही, ती १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली का भेट म्हणून गेली हे नक्की नाही, असं लिहाच.

शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे. एक ईमेल पत्ता जाहीर करा, मराठीत, तुमच्या वेबसाईटच्या पहिल्या पानावर, की परदेशी लिलावात महाराष्ट्रातली वस्तू दिसली तर इथे लिंक पाठवा, आणि पाठवणाऱ्याला आठवड्याच्या आत उत्तर येईल की मागतोय, घेतोय का सोडतोय. माझ्यासारखे नादिष्ट राज्यभर आणि परदेशातही पुष्कळ आहेत, पगार मागत नाहीत. ऑक्टोबरचे कॅटलॉग सप्टेंबरअखेर यायला लागतील, पत्ता त्याच्या आधी सुरू झाला तर पहिली लिंक माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा.

नाशिकचा एक कॅटलॉग-वाचक